तू कुणाचा रे?

(महाराष्ट्रातल्या सरपंचांना एका निवृत्त ग्रामसेवकाचं खुलं पत्र)

सरपंच ताई, सरपंच दादा,



तीस वर्षं ग्रामसेवक होतो. पाच-सहा गावांचं दप्तर सांभाळलं. गावात मला नावानं कुणी हाक मारली नाही, सगळ्यांचा मी भाऊसाहेबच. आता पदाचं नावही बदललंय, ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. मी घरी बसलो आहे. बदलीची भीती उरलेली नाही आणि कुणाच्या सहीवाचून माझं काही अडत नाही, म्हणून जरा मोकळं लिहितो. राज्यात तुम्ही २८ हजारांच्या आसपास आहात. तुमच्यातले थोडे जरी हे शेवटपर्यंत वाचतील, तरी चालेल.

आधी माझं सांगून टाकतो. माझ्या हातून झालेल्या ग्रामसभांपैकी बऱ्याचशा कागदावरच झाल्या. सकाळी झेंडावंदन व्हायचं, पोरांना खाऊ वाटला जायचा, शाळेच्या पटांगणातून गर्दी पांगायची आणि समाजमंदिरात सतरंजीवर आम्ही पंधरा-वीस माणसं उरायचो. गणपूर्ती लागते एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तो. तेवढी माणसं नसली की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. ही पळवाट मला तोंडपाठ होती. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा पहिला विषय मी एका दमात वाचायचो, इतक्या घाईत की माझं मलाच ऐकू येत नसे. मग सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. शेवटी ‘ऐनवेळचे विषय’, म्हणजे जे आधी कुणाला कळू द्यायचं नसतं ते. मग चहा. दुसऱ्या दिवशी शिपाई रजिस्टर घेऊन दारोदार फिरायचा. रानात गेलेल्याची सही बांधावर व्हायची. गावातच नसलेल्याची कशी व्हायची, ते तुम्हाला मी सांगायला नको.

पुरेशा कारणाशिवाय सभा घेतल्या नाहीत तर सरपंचाचं पद जाऊ शकतं, त्यामुळे सभा ‘होणं’ भाग होतं. माणसं येणं भाग नव्हतं.

त्या वर्षांत प्रत्येक सरपंच माझ्याकडे एकच रड गायचा. भाऊसाहेब, हल्लीच्या पोरांना गावाचं काही पडलेलं नाही, मोबाइलमधनं डोकं वर काढत नाहीत. मोबाइल येण्याआधी हेच सरपंच टीव्हीचं नाव घ्यायचे. मीही मान डोलवायचो. डोलवायला काय जातंय?

आता ज्या एका सभेसाठी हे पत्र लिहायला घेतलं, तिच्याकडे येतो. गाव कुठलं ते सांगत नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा सभेला आला होता. कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात तो नुकताच सात दिवस दुसऱ्या एका गावी राहून आला होता. तिथं त्यांनी शोषखड्डे खणले होते, रात्री गावकऱ्यांसोबत बैठका घेतल्या होत्या, आणि त्यातलं काहीतरी डोक्यात घेऊन हा पोरगा आपल्या गावच्या सभेत येऊन बसला. माझं इतिवृत्त वाचून संपायच्या आत तो उभा राहिला. म्हणाला, ‘गेल्या सभेत वेशीपासून शाळेपर्यंतच्या गटाराचा ठराव झाला होता. त्याचं पुढं काय झालं?’

सभेत शांतता पसरली. सरपंचांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘तू कुणाचा रे?’

त्यानं वडलांचं नाव सांगितलं.

‘मग बापाला पाठव की. हे पोरांचं काम न्हाई.’

माणसं हसली. सरपंच वाईट माणूस नव्हता, हेही सांगतो. गावच्या पाण्यासाठी तालुक्याला शंभर हेलपाटे घालणारा माणूस होता. त्याला तो प्रश्न खरंच पोरकट वाटला असेल, किंवा उत्तर नव्हतं म्हणून अडचण झाली असेल. दोष माझा. मतदार यादी माझ्या मांडीवर होती. त्या मुलाचं नाव त्या यादीत होतं. ज्याचं नाव गावच्या मतदार यादीत, तो ग्रामसभेचा सदस्य. वडलांच्या वतीनं नाही, स्वतःच्या हक्कानं. मी उठून एवढंच म्हणायला हवं होतं. मी इतिवृत्तात लिहिलं, ‘चर्चा झाली.’

तो मुलगा पुन्हा कधी ग्रामसभेला आला नाही.

मतदानाचं वय २१ वरून १८ झालं ते २८ मार्च १९८९ पासून, ६१व्या घटनादुरुस्तीनं. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली आणि ग्रामसभा राज्यघटनेत आली. अठराव्या वर्षी पोरगं सभेत मत देऊ शकतं, एकविसाव्या वर्षी निवडून येऊन तुमच्या खुर्चीत बसू शकतं. यातलं काहीच गुपित नाही. गावातली पोरं हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं जाणतात. तुमच्या गावच्या अभ्यासिकेत जा. पोलीस भरतीची, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली तिथं सकाळी सहापासून बसलेली असतात. झोपेतून उठवून विचारा, बलवंतराय मेहता समिती, वसंतराव नाईक समिती, ग्रामपंचायत अधिनियम १९५८, कलम ७, सगळं घडाघडा सांगतील. मात्र त्याच गावची ग्रामसभा त्यांच्यातल्या बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलेली नसते. पंचायत राज हा त्यांच्यासाठी चार पर्यायांतून एक निवडायचा विषय आहे.

पोरांना गावाचं पडलेलं नाही, या बोलण्यावरचा माझा विश्वास जत्रेनं घालवला.

त्याच गावची जत्रा. चैत्रात. जत्रेची कमिटी सगळी पंचविशीच्या आतली. पट्टी ठरवायला रात्री देवळात बसले, कुणाच्या घरावर किती यावर दोन तास भांडले, विधवा बाईच्या घराची पट्टी निम्मी करायची हे एकमतानं ठरवलं आणि बारा वाजता उठले. कुस्त्यांचा फड, मंडप, पालखीची वाट, जनरेटर, पाण्याचा टँकर, पोलीस ठाण्याची परवानगी, सगळ्याची वाटणी झाली. चाकणला, हडपसरला, नवी मुंबईला कामाला असलेली पोरं रजा टाकून आली. आणि जत्रा झाल्यावर तिसऱ्या दिवशी देवळाच्या भिंतीवर काळ्या फळ्यावर खडूनं जमाखर्च लागला. नारळ किती, हलगीवाल्याला किती, पहिल्या कुस्तीचं इनाम किती, शिल्लक किती. रुपयाच्या खालचे पैसेसुद्धा लिहिले होते. हिशेब लिहिणारा कोण, तर गटाराचा प्रश्न विचारणारा तोच. अक्षर मोत्यासारखं.

मी त्या फळ्यासमोर बराच वेळ उभा होतो. माझ्या कपाटात ग्रामपंचायतीचा जमाखर्च होता, नमुन्यांच्या वह्यांत, लेखापरीक्षणापुरता. तो फळ्यावर लिहावा असं तीस वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. गावाची वर्गणी काढायची, वाद घालून निर्णय घ्यायचा, निर्णयाप्रमाणे राबायचं, आणि पै-पैचा हिशेब चारचौघांत मांडायचा. ग्रामसभेकडून कायद्याची याहून वेगळी काय अपेक्षा आहे? ही पोरं ते वर्षातून एकदा देवळाच्या अंगणात करत होती, आणि चार वेळा आम्ही त्यांना समाजमंदिराच्या दारातून परत पाठवत होतो.

मतदानाला मात्र तुम्ही त्यांना विसरत नाही. पुण्याहून गाड्या भरून आणता, नाष्ट्यापासून परतीच्या डिझेलपर्यंत सगळं बघता. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खालच्या रांगेत पोरांचे तीस-तीस फोटो छापता. (तो फ्लेक्स पावसाळ्यात कुणाच्या तरी गोठ्यावर जातो, तेवढाच त्याचा उपयोग.) पण ग्रामसभेसाठी त्या गाडीतल्या एकाला तरी कधी फोन गेला आहे का?

आणि नुसता फोन करूनही भागत नाही, पोरांना आधी बोलायला जागा लागते. चर्चेची जागा वेगळी आणि ठरावाची वेगळी, हे ज्या गावानं ओळखलं ते गाव गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात आहे, मेंढा (लेखा). गोंड आदिवासींचं, जेमतेम चार-पाचशे वस्तीचं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. त्या गावाच्या जंगलाच्या लढ्याबद्दल तुम्ही ऐकलं असेल. २००९ साली त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा हक्क ग्रामसभेकडे आला. पण मला त्यांची वेगळीच गोष्ट मोठी वाटते. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकारानं तिथं अभ्यासगट चालायचा. अभ्यासगटात कुणीही बसावं, कुणीही काहीही विचारावं, बाहेरच्या माहितगारालाही बोलवावं. तिथं निर्णय काही व्हायचा नाही. निर्णय फक्त ग्रामसभेत, आणि तोही बहुमतानं नाही, सर्वांच्या सहमतीनं. एकाचाही विरोध असला तर थांबायचं, पुन्हा बोलायचं.

याचा अर्थ माझ्या उशिरा लक्षात आला. आपल्या ग्रामसभेत माणूस पहिल्यांदा तोंड उघडतो तेव्हाच ठराव समोर असतो. बोललं की कुणाच्या तरी बाजूनं किंवा कुणाच्या तरी विरोधात जातं. भावकी, पार्टी, गेल्या निवडणुकीचा राग, सगळं त्या एका वाक्यावर येऊन बसतं. मुरलेल्या माणसाला ते पेलतं. अठरा-वीस वर्षांच्या पोराला कसं पेलणार? त्याला आधी अशी जागा लागते, जिथं चुकीचं बोललं तरी रजिस्टरला लागत नाही.

ती जागा तुम्हाला फुकट मिळते. तालीम आहे, पार आहे, वाचनालय आहे, दूध डेअरीच्या समोरचा कट्टा आहे. सभेच्या आधी आठ-दहा दिवस, धारा काढून दूध घालून झाल्यावर, संध्याकाळी बैठक बोलवा. अजेंडा नको, रजिस्टर नको, हार-तुरे तर मुळीच नकोत. विषय एकच ठेवा, आणि तो खरा असू द्या. ‘युवकांचा विकास’ असला विषय ठेवलात तर तुम्ही आणि मीच बसू. ‘पाण्याची टाकी आठवड्यातनं दोनदाच का भरते’ असा ठेवा. वीजबिल किती, थकीत पाणीपट्टी किती, गळती कुठं, हे आकडे ग्रामपंचायतीतून आणून ठेवा. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात (२०२१ ते २०२६) ६० टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचे, आणि ४० टक्के अबंधित, हे एवढं जरी पोरांना कळलं तरी ‘सरपंचानं पैसे खाल्ले’ या कट्ट्यावरच्या बोलण्याचं निम्मं बळ जाईल. उरलेलं निम्मं खरं असेल तर मात्र जाणार नाही. तो धोका तुम्ही पत्करायचा आहे.

सरकारच्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर तुमच्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च असतो. शाळेत प्रोजेक्टर असतो. त्या दोन गोष्टी पोरांच्या हाती द्या, अंधार पडला की शाळेच्या भिंतीवर गावाचा हिशेब दिसू द्या. जत्रेत पडद्यावर सिनेमा बघायला जमायची तशी माणसं जमतील.

हे सगळं आदर्श गावांचं झालं, आमच्याकडं नाही चालायचं, असं तुमच्यातले काही म्हणतील. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार १९८९ पर्यंत आदर्श नव्हतं. दुष्काळ, दारू, भांडणं, आणि गाव सोडून जाणारी माणसं. त्या वर्षी गावातल्या तरुणांनी आग्रह धरला आणि शिकलेल्या पोपटराव पवारांना बिनविरोध सरपंच केलं. पुढचं तुम्हाला पाठ आहे, दौऱ्याच्या गाडीतून तुम्ही ते पाहूनही आला असाल. पण दौऱ्यात बंधारे दाखवतात. मला विचाराल तर पाहायची गोष्ट तिथला पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती झाला, विहिरींत पाणी किती, ते मोजायचं, ग्रामसभेत मांडायचं आणि त्यावरून कुठलं पीक घ्यायचं, कुठलं नाही, ते ठरवायचं. मोजणी हे पोरांचं काम आहे. त्यांना मोजायला आवडतं. मोजलेलं सांगायला त्याहून आवडतं. गेल्या उन्हाळ्यात विहिरीला किती परस पाणी होतं हे जो पोरगा स्वतः दोर सोडून बघून आला आहे, त्याला ‘तू कुणाचा’ विचारून खाली बसवणं अवघड जातं.

ग्रामसभेच्या हाती फक्त सरकारी योजनाच असतात असंही नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथं संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद होतात. हे ठराव कुठल्या वरच्या परिपत्रकातून आलेले नाहीत.

मुलींचं वेगळं लिहायला हवं, कारण त्यांना ‘तू कुणाची’ हाही प्रश्न कुणी विचारत नाही. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. ती बचत गटाच्या बैठकीलाच जोडून उरकली जाते, आणि तिथं येतात त्या सासुरवाशिणी. गावात जन्मलेली, गावात शिकलेली, अठरा पूर्ण झालेली मुलगी ना महिला सभेत असते ना ग्रामसभेत. उद्या लग्न होऊन जाणारच की, असं म्हणतात. जाईलही. पण आज बस थांब्यावर दिवा नाही म्हणून संध्याकाळचा क्लास तिलाच सोडावा लागतो. गावातल्या कुठल्या वळणावर अंधार असतो याची यादी तिच्याइतकी नेमकी कुणाकडे असणार? राज्यात पंचायतींच्या निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. म्हणजे हे पत्र वाचणाऱ्यांत निम्म्या तुम्ही ताया आहात. खुर्चीवर तुम्ही आणि सभा चालवणार तुमचे मालक, हे जिथं चालतं, तिथल्या मुलीला सभेत बोलावून ती काय बघणार, याचा विचार मी तुमच्यावर सोडतो.

एक शंका मला खासगीत नेहमी विचारली जाते. पोरांना बोलायला दिलं तर ती राजकारण करतील, उद्या आपल्याच विरोधात उभी राहतील. हो, राहतील. त्यातला एखादा निवडूनही येईल. त्याला आधी पाच वर्षं ग्रामसभेत बसून ठराव कसा लिहितात, अंदाजपत्रक कसं वाचतात, नाही कसं म्हणतात हे कळलेलं असेल, तर तुमच्यानंतर दप्तर बऱ्या हातात जाईल. नाही तर माझ्यासारखा एखादा भाऊसाहेब त्याला पहिल्याच महिन्यात पळवाटा शिकवेल.

वेळेबद्दलही थोडं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना सभेची वहिवाट आहे, पण वेळ नोटिशीत तुम्हीच लिहिता. सकाळी दहाचीच का लिहिता? आणि वर्षाला चार सभा किमान आहेत, पाचवी घ्यायला कुणाची मनाई नाही. ती जत्रेच्या दुसऱ्या दिवशी घ्या. पालखी देवळात गेलेली असते, पुण्या-मुंबईची पोरं अजून गावात असतात, त्यांची नावं तुमच्याच यादीत असतात. देवळासमोरच्या त्याच मंडपात, तेच कर्णे लावून. जत्रेचा हिशेब आधी होऊ द्या, आणि मग त्याच फळ्यावर, शेजारी, गावाचा.

मागच्या सभेतल्या ठरावांचं काय झालं, हे त्या दिवशी माझ्यासारख्यानं एका दमात वाचू नये. एखाद्या विशीतल्याला वाचायला द्या. कुठला ठराव तालुक्याला अडकला, कुठला विसरला गेला, कुठला झालाच नव्हता, नुसता लिहिला होता, हे त्याच्या तोंडून गाव ऐकेल. मधेच कुणी उठून ‘तू कुणाचा रे’ म्हणालं, तर यादीतला अनुक्रमांक सांगायला भाऊसाहेबाला शेजारी बसवा.

तो गटाराचा मुलगा आता चाकणला एका कारखान्यात आहे, शिफ्टमध्ये. जत्रेला येतो. फळा अजून तोच लिहितो. गेल्या चैत्रात मी मुद्दाम त्या गावी गेलो आणि त्याला म्हणालो, त्या दिवशी मी उठायला हवं होतं. त्याला आधी काही आठवेना. मग आठवलं तसा हसला आणि म्हणाला, ‘भाऊसाहेब, ते गटार अजून झालेलं नाही.’

तुमचा,
एक निवृत्त ग्रामसेवक

ता. क. २ ऑक्टोबरच्या सभेपासून पुढच्या वर्षाच्या गाव विकास आराखड्याचं काम सुरू होतं. नोटीस सात दिवस आधी लावायची असते. ती ग्रामपंचायतीच्या दारावर लावाच, दवंडीही द्या, पण क्रिकेटच्या टीमचा जो व्हॉट्सॲप ग्रुप आहे त्यावरही टाका. आणि ‘ऐनवेळचे विषय’ तेवढे आधी लिहून काढा.